रंगांची रुजुवात

१९१२ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या गुस्ताफ दालेन नामक स्वीडिश अभियंत्यास मिळाले, तो ते स्वीकारण्यास जाऊ शकला नाही. कारण त्याच वर्षी अ‍ॅसिटिलीन वायूवर प्रयोग करीत असता झालेल्या स्फोटात त्याची दृष्टी गेली होती, आणि त्याच्या वतीने पारितोषिक घेण्यास जो उभा राहिला तो त्याचा भाऊ आल्बिन, दैवाची थट्टा म्हणावी तर, व्यवसायाने नेत्रवैद्य होता. दालेनची कीर्ती दीपस्तंभांमुळे झाली. ओसाड खडकांवर उभ्या असलेल्या दीपस्तंभांतील गॅसचे दिवे उजाडताच आपोआप विझावेत आणि अंधार पडताच आपोआप पेटावेत, यासाठी त्याने जी झडप सिद्ध केली तीत ना घड्याळ होते, ना वीज. मधोमध काळी केलेली एक कांडी आणि तिच्याभोवती घासूनपुसून चकचकीत केलेल्या तीन कांड्या, एवढाच तिचा पसारा. प्रकाश पडला की काळी कांडी तो शोषून किंचित लांब होई, चकचकीत कांड्या तो परतवून जवळजवळ आहेत तितक्याच राहात, आणि या दोहोंमधील केसभर फरकाने गॅसची वाट बंद होई.

अंध झाल्यावरही दालेन १९३७ साली मृत्यू येईपर्यंत ‘आगा’ या कंपनीचा कारभार पाहात होता. पुढे याच कंपनीने १९६५ साली, उच्चदाबाच्या वीजवाहिन्या तपासण्यासाठी, उष्णतेचे चित्र दाखविणारा कॅमेरा बाजारात आणला. तो उचलून नेणे हेच एक कार्य होते, आणि त्यातील संवेदक थंड राहावा म्हणून त्यास द्रवरूप नायट्रोजन पाजावा लागे. परंतु आज गल्लोगल्लीचे वातानुकूलन दुरुस्त करणारे कारागीर जे पिस्तुलाच्या आकाराचे उष्णता-कॅमेरे कमरेला अडकवून हिंडतात, त्यांचा मूळपुरुष तोच. काळ्या आणि चकचकीत धातूंतील ज्या भेदावर त्या कंपनीचे भाग्य उदयास आले, तोच भेद या कॅमेऱ्यांच्या वंशजांना हाती धरणाऱ्या माणसास आज सर्वांत अधिक फसवितो. पण ती हकीकत यथाक्रम येईल.

महाराष्ट्रातील वीज उपकेंद्रांतून अशा कॅमेऱ्याने होणाऱ्या तपासणीस ‘थर्मोव्हिजन’ म्हणतात, आणि २००५ साली जुन्या राज्य वीज मंडळाची विभागणी होऊन महापारेषण व महावितरण अशी निरनिराळी दप्तरे झाली तरी हा शब्द सर्वत्र कायम राहिला. तपासणीचे प्रयोजन साधे आहे. उपकेंद्राच्या यार्डात शेकडो सांधे असतात: तारेस तार जोडणारे क्लॅम्प, जम्पर, आयसोलेटरचे जबडे, रोहित्राच्या बुशिंगवरील जोडण्या. यांपैकी एखादा नट सैल पडला, अथवा दोन पृष्ठभागांमध्ये गंज शिरला, की तेथील रोध वाढतो. रोधाच्या प्रमाणात आणि प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात उष्णता उत्पन्न होते. उष्णतेने गंज आणखी वाढतो, गंजाने रोध आणखी वाढतो, आणि हे चक्र असेच फिरत राहून एखाद्या रात्री, बहुधा भार सर्वाधिक असतो त्याच वेळी, तो सांधा वितळून तालुक्याचा तालुका अंधारात बुडतो. वीज बंद न करता, शिडी न लावता, वीस-पंचवीस हातांवरून हा आजार आधीच ओळखणे, हे या कॅमेऱ्याचे काम.

अशाच एका तपासणीच्या वेळी मी एका १३२ केव्ही उपकेंद्राच्या यार्डात उभा होतो. सूर्य मावळून बराच वेळ झाला होता. कारण दिवसा उन्हाने तापलेला धातू आणि दोषाने तापलेला धातू यांत कॅमेरा भेद करीत नाही, आणि सायंकाळी घरोघर दिवे, पंखे, पंप चालू झाले म्हणजे भारही चढलेला असतो. कॅमेरा एका तरुण तंत्रज्ञाच्या हाती होता आणि कनिष्ठ अभियंता फीडरवरील भाराचे आकडे वहीत उतरवून घेत होता. एका आयसोलेटरकडे रोख धरताच तो तरुण जरा घाबरून म्हणाला, “साहेब, वाय फेजचा क्लॅम्प पेटलाय!” साहेबांनी वहीतून मान वर न काढता विचारले, “पेटलाय म्हणजे? स्पॅन किती आहे?” तरुण गप्प. “ऑटोवर ठेवलायस ना?” “होय, साहेब.” “मग आधी कडेचे आकडे वाच.” पडद्याच्या उजव्या कडेस रंगांची जी उभी पट्टी असते, तिच्या माथ्याशी ३१ आणि पायथ्याशी २९ असे अंक होते. म्हणजे पांढऱ्याशुभ्र ज्वाळेसारखा दिसणारा तो क्लॅम्प आणि गर्द जांभळा दिसणारा त्याचा शेजारी यांत अवघ्या दोन अंशांचे अंतर होते. वाऱ्याची झुळूक एका बाजूस अधिक लागली तरी इतके अंतर पडते.

या एका प्रसंगात या विद्येचे मर्म आहे, म्हणून तेथे थोडे थांबणे इष्ट. कॅमेरा ‘ऑटो’वर ठेवला असता तो समोरच्या दृश्यातील सर्वांत उष्ण बिंदूस पट्टीवरील सर्वांत उजळ रंग देतो, सर्वांत थंड बिंदूस सर्वांत गडद रंग देतो, आणि उरलेल्यांची त्या दोहोंमध्ये वाटणी करतो. वर्गातील पहिल्या मुलास शंभर आणि शेवटच्यास शून्य गुण दिलेच पाहिजेत, मग सारा वर्ग हुशार असो की सारा ढ, असा नियम एखाद्या पंतोजीने करावा, तसा हा न्याय आहे. त्यात प्रत्येक दृश्यात काहीतरी जळताना दिसणारच. याच्या उलट बाजूचा धोका मात्र याहून मोठा. दृश्यात एकच क्लॅम्प १४० अंशांवर गेलेला असेल, तर पट्टीचा माथा तेथे जाऊन बसतो, आणि त्याच्या बाजूचा ६० अंशांचा क्लॅम्प, जो एरवी तातडीच्या दुरुस्तीस पात्र ठरला असता, निमूटपणे निळ्या-जांभळ्या रंगांत मिसळून जातो. तिसरा धोका आकाशाचा. यार्डात सारे पाहणे मान वर करूनच करावे लागते, आणि निरभ्र आकाश या कॅमेऱ्यास हिमाहूनही थंड, शून्याखाली कितीतरी अंश, असे दिसते; ते चौकटीत शिरले की पट्टीचा पायथा खोल जातो आणि यार्डातील यच्चयावत धातू एकाच उजळ रंगाने माखून निघतो. मग चित्र प्रेक्षणीय होते खरे. पाहण्याजोगे त्यात काही उरत नाही.

यावरचा उपाय म्हणजे यंत्राच्या हातून ही सत्ता काढून घेणे. कॅमेऱ्यात ‘लेव्हल’ आणि ‘स्पॅन’ असे दोन नियम माणसाच्या स्वाधीन असतात: पट्टीचा मध्य कोणत्या तापमानावर ठेवावयाचा ती लेव्हल, आणि पट्टीच्या दोन टोकांमध्ये किती अंश बसवावयाचे तो स्पॅन. त्या सायंकाळी अभियंत्याने कॅमेरा आपल्या हाती घेतला, ऑटो बंद केले, पायथा २० अंशांवर व माथा ६० अंशांवर आणून ठेवला, आणि तो पेटलेला क्लॅम्प क्षणार्धात आपल्या दोघा भावंडांसारखाच मंद दिसू लागला. क्लॅम्प होता तसाच होता. बदलले होते ते त्याला रंग देण्याचे नियम.

असे दोन नियम मुळात असावेतच का, हा प्रश्न कोणाही विचारी वाचकास पडेल, आणि त्याचे उत्तर यंत्राच्या उदरात आहे. जगातील प्रत्येक वस्तू, बर्फाचा खडासुद्धा, आपल्या तापमानानुसार प्रारणे सोडीत असते. साधारण २७ अंश तापमानाच्या वस्तूची प्रारणे सुमारे दहा मायक्रॉन तरंगलांबीपाशी सर्वांत प्रबळ असतात, आणि आपला डोळा तर पाऊण मायक्रॉनच्या आतच थकतो. या अदृश्य, अवरक्त किरणांचा पहिला मागोवा विल्यम हर्शेलने १८०० साली घेतला, लोलकातून पडलेल्या वर्णपटात लाल रंगाच्याही पलीकडे, जेथे काहीच दिसत नव्हते तेथे, तापमापक ठेवून. आणि त्याचा पुत्र जॉन याने १८४० साली काजळलेल्या कागदावर मद्यार्क लावून, तो कोठे लवकर उडतो व कोठे उशिरा हे पाहून, उष्णतेचे पहिले ओबडधोबड चित्र मिळविले. आजच्या कॅमेऱ्याचे भिंग काचेचे नसून जर्मेनियमचे असते, कारण या तरंगलांबीच्या किरणांना काच अपारदर्शक आहे. बंद खिडकीतून बाहेरचे दृश्य घेऊ पाहणाऱ्यास बाहेरचे काही न दिसता काचेत स्वतःचीच उष्ण आकृती दिसते, हा अनुभव प्रत्येक नवशिक्यास पहिल्या दिवशी येतो. भिंगामागे व्हॅनेडियम ऑक्साइडचे हजारो सूक्ष्म चौरस असतात, प्रत्येक एका बाजूने बारा किंवा सतरा मायक्रॉनचा. किरण पडले की चौरस तापतो, तापला की त्याचा रोध बदलतो, आणि तो बदल अंकरूपाने मोजला जातो. ही रचना हनीवेल कंपनीने अमेरिकी सैन्यासाठी १९८० च्या दशकात सिद्ध केली, आणि तिच्यावरील गुप्ततेचा पडदा सरल्यावर अशा कॅमेऱ्यांस नायट्रोजन पाजण्याची गरज उरली नाही. मधूनमधून कॅमेऱ्यातून जो ‘टक्’ असा आवाज येऊन चित्र क्षणभर गोठते, तो बिघाड नव्हे. आत एक पापणी मिटते, सर्व चौरस एकाच समान तापमानाच्या पृष्ठाकडे पाहतात, आणि त्यांच्यातील परस्परांचा आपपरभाव यंत्र तेवढ्यात पुसून टाकते.

आता मुद्दा असा की, या चौरसांनी दिलेली माहिती पुष्कळदा चौदा द्विमान अंकांची असते, म्हणजे तीत १६,३८४ पायऱ्या मावतात. आणि पडद्यावर दाखविण्यास मिळतात त्या साधारण २५६. कॅमेऱ्याचा मापनपल्ला उणे २० ते १२० अंश असला आणि तो सगळाच्या सगळा पडद्यावर पसरला, तर एका पायरीत अर्ध्या अंशाहून अधिक भाग जातो, जेव्हा संवेदक स्वतः अंशाच्या विसाव्या भागाइतका फरक ओळखण्यास समर्थ असतो. स्पॅन दहा अंशांचा केला की एका पायरीस अंशाचा पंचविसावा भाग येतो, आणि भिंतीत मुरलेल्या पाण्याची ओल किंवा गिलाव्याखालची विटांची ओळसुद्धा वर येते. पण मग त्या दहा अंशांच्या वरचे सारे एकरंगी आणि खालचेही सारे एकरंगी होते. पाहणाऱ्याने काय पाहावयाचे ते आधी ठरवावे लागते, आणि जे पाहावयाचे नाही ते बाद करण्याची जबाबदारीही घ्यावी लागते. पुष्कळ लोक ही जबाबदारी यंत्रावर सोपवितात, आणि मग चित्रास पुरावा म्हणतात.

एक दिलासा असा की लेव्हल, स्पॅन आणि रंगपट्टी या बाबी नंतरही सुधारता येतात, कारण चांगला कॅमेरा नुसते रंगीत चित्र जतन करीत नाही, तर प्रत्येक चौरसाचा मूळ अंकही त्याच्या पोटात ठेवतो, आणि कार्यालयात बसून ते चित्र पुन्हा हव्या त्या नियमांनी रंगविता येते. तीन गोष्टी मात्र यार्डात चुकल्या की कायमच्या चुकल्या. पहिली म्हणजे भिंगाची जुळणी: चित्र अस्पष्ट असेल तर एका बारक्या उष्ण बिंदूची उष्णता भोवतालच्या चौरसांत वाटली जाते आणि ९० अंशांचा क्लॅम्प ७० चा म्हणून नोंदला जातो. दुसरी मापनपल्ल्याची: पल्ला १२० पर्यंतचा असता वस्तू २०० अंशांवर असेल, तर संवेदक भरून वाहतो आणि नंतर त्यातून कोणीही खरा आकडा काढू शकत नाही. तिसरी अंतराची, आणि हिच्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. २४ अंशांचे भिंग आणि आडवे ३२० चौरस असलेल्या कॅमेऱ्याचा एक चौरस दहा मीटरवर सुमारे १३ मिलिमीटर जागा व्यापतो, आणि विश्वासार्ह मोजमापासाठी वस्तूने निदान तीन चौरस तरी भरावेत असा शिरस्ता आहे. म्हणजे चार सेंटीमीटरहून लहान बोल्टचे तापमान दहा मीटरवरून सांगणारा कॅमेरा वस्तुतः बोल्ट आणि त्यामागील थंड आकाश यांची सरासरी सांगत असतो. आकडा दशांशापर्यंत छापून येतो, म्हणून तो वाचणाऱ्यास खरा वाटतो.

आता दालेनच्या त्या काळ्या व चकचकीत कांड्यांकडे वळू. जो पृष्ठभाग किरण उत्तम शोषतो तोच ते उत्तम सोडतो, आणि जो शोषत नाही तो सोडीतही नाही, हा किर्खोफचा नियम एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा आहे. या सोडण्याच्या क्षमतेस उत्सर्जकता म्हणतात. आदर्श काळ्या वस्तूची ती १ धरली, तर माणसाच्या कातडीची, मग ती गोरी असो की काळी, ०.९८ च्या आसपास भरते. विजेच्या कामातील काळ्या चिकटपट्टीची ०.९५ च्या जवळपास. आणि घासलेल्या तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची ०.१ पेक्षाही कमी. याचा परिणाम असा होतो की नव्याने बसविलेला, अजून लखलखीत असलेला अ‍ॅल्युमिनियमचा क्लॅम्प प्रत्यक्ष ९० अंशांवर असला, तरी भोवताल २७ अंशांचा असता आणि कॅमेऱ्यात उत्सर्जकता १ अशीच राहिली असता, तो पस्तीस-चाळीस अंशांच्या आसपासच दिसतो. आणि त्याच्या पृष्ठावर निरभ्र आकाशाचे प्रतिबिंब पडत असेल तर त्याहूनही थंड. खालून वर पाहणाऱ्या माणसास अशा क्लॅम्पात क्लॅम्प दिसत नाही, आकाश दिसते. वर्षानुवर्षे ऊनपाऊस खाल्लेला, काळवंडलेला जुना क्लॅम्प आपली उष्णता सरळपणे कबूल करतो, तर नवा कोरा क्लॅम्प ती लपवून ठेवतो. आणि नव्या कामावर विश्वास ठेवण्याची आपली प्रवृत्ती असल्यामुळे ही लपवाछपवी बऱ्याचदा पचूनही जाते.

कॅमेऱ्यात उत्सर्जकतेचा आकडा बदलता येतो, म्हणून काही उत्साही मंडळी चकचकीत धातूसाठी तो ०.१ करून टाकतात आणि यंत्राने दिलेला भलामोठा आकडा अहवालात लिहितात. हा उपाय रोगाहून भयंकर आहे. आकडा इतका खाली आणला की यंत्र आलेल्या अल्पशा उष्णतेस दसपट फुगवून सांगते, आणि तिच्यासोबत परावर्तनातली प्रत्येक चूकही दसपट फुगते. म्हणूनच या विद्येतील जाणते लोक उत्सर्जकता ०.५ च्या खाली असलेल्या पृष्ठभागावर अंश मोजण्याच्या भानगडीतच पडत नाहीत. परावर्तित तापमान काढावयाची एक जुनी युक्ती आहे: स्वयंपाकघरातील अ‍ॅल्युमिनियमचा कागद चुरगळून पुन्हा पसरावा, वस्तूच्या जागी धरावा, उत्सर्जकता १ ठेवून त्याचे तापमान वाचावे आणि तोच आकडा यंत्रात भरावा. बंद असलेल्या यंत्रावर काळी चिकटपट्टी लावून ठेवता येते. पण १३२ केव्हीच्या जिवंत तारेस पट्टी कोण लावणार? तेथे दोनच मार्ग उरतात. एक, बोल्टच्या खाचेत, दोन पात्यांमधील फटीत, जेथे किरण आतल्या आत आदळून बाहेर पडतात आणि चकचकीत धातूही काळ्यासारखा वागतो, तेथे रोख धरणे. दुसरा, अंश सोडून देऊन तुलना करणे: तिन्ही फेजांचे क्लॅम्प एकाच वयाचे, एकाच धातूचे आणि एकाच भाराचे असतील, तर एकाचा दुसऱ्याशी असलेला फरकच बोलका ठरतो, आणि प्रचलित निकषांत असा फरक १५ अंशांवर गेला की दुरुस्ती लांबणीवर टाकू नये असे मानतात.

रंगपट्टीचा प्रश्न वरवर पाहता हौसेचा वाटतो, परंतु तोही तसा नाही. इंद्रधनुषी पट्टी लोकप्रिय आहे, आणि माझ्या मते सर्वांत खोटी. तीत पिवळा रंग मधेच असूनही डोळ्यास सर्वांत उजळ वाटतो, हिरव्याकडून पिवळ्याकडे जाताना जेथे काहीच नाही तेथे कडा दिसते, आणि पाव अंशाच्या फरकाची खिंड होते. तापलेल्या लोखंडाच्या रंगांची पट्टी, काळ्या-जांभळ्यावरून नारिंगीकडे व तेथून पांढऱ्याकडे चढत जाणारी, डोळ्याच्या स्वाभाविक क्रमास धरून असते. आणि शोध घेणारे, मग ते सैनिक असोत की अरण्यपाल, साध्या काळ्या-पांढऱ्यावरच भरवसा ठेवतात. त्यातही पांढरे म्हणजे उष्ण की पांढरे म्हणजे थंड, हा संकेत आहे. १९८३ साली इन्सॅट-१बी अवकाशात गेल्यापासून दूरदर्शनच्या बातम्यांत जी ढगांची चित्रे आपण पाहात आलो, त्यांतील अवरक्त चित्रांत पांढरे शुभ्र ते सर्वांत थंड असते. उंच गेलेल्या ढगांचे माथे गोठलेले असतात, आणि ते काळे दाखविले असते तर कोणासही ढग वाटले नसते, म्हणून तेथे पट्टी उलटी केली. गेल्या काही उन्हाळ्यांत वृत्तपत्रांतून महाराष्ट्राचे जे लालभडक नकाशे छापून येतात, त्यांतील कित्येक तर हवेचे तापमान नसून उपग्रहाने पाहिलेल्या भूपृष्ठाचे तापमान दाखवितात, आणि नांगरलेली काळी जमीन हवेहून दहा-पंधरा अंशांनी अधिक तापलेली असते हे शेतकऱ्याच्या अनवाणी पायास ठाऊक असते, संपादकास नसते. उपकेंद्रांत तर रंगांचा आणखी एक घोळ आहे. आपल्याकडे तीन फेजांस लाल, पिवळी व निळी अशी नावे. आणि चित्रात निळी फेज लाल व लाल फेज निळी आली, म्हणजे दूरध्वनीवर चाललेला संवाद ऐकण्यासारखा असतो.

यार्डाबाहेर, उसाच्या फडात, हेच नियम अधिक कठोर होतात. जुन्नर वनविभागात बिबट्यांचा माग काढण्यासाठी उष्णता-कॅमेरा लावलेली ड्रोन वापरात आली, आणि ‘आता रात्रीचा बिबट्याही दिसणार’ अशी लोकांची समजूत झाली. परंतु उसाची दाट पाने काचेसारखीच या किरणांना अडवितात. पानांआडचा बिबट्या अदृश्यच राहतो, आणि तो सरीतून, बांधावरून, मोकळ्या पट्ट्यातून जाईल तेव्हाच दिसतो. वैशाखातील दुपारी जमीन पन्नास अंशांवर असते आणि प्राण्याचे अंग चाळिशीच्या आत, म्हणून पांढरे म्हणजे उष्ण या संकेताने जनावर काळे दिसते. पहाटे जमीन निवते आणि तेच जनावर पांढरे होते. आणि या दोहोंमध्ये दिवसातून दोनदा अशी वेळ येते की जमीन व जनावर समान तापमानावर असतात आणि कोणताही स्पॅन, कोणतीही पट्टी त्यांना वेगळे करू शकत नाही. त्यात ड्रोन वस्तीवरून गेले की पत्र्याचे छप्पर चौकटीत शिरते. चकचकीत पत्र्यात थंड आकाश दिसते, ऑटोवरचा कॅमेरा पट्टीचा पायथा खाली ओढतो, आणि शेतातील सारी बारीकसारीक तफावत त्या क्षणी लोप पावते. म्हणून चालवणाऱ्याने पट्टी हातानेच बांधून ठेवावी लागते आणि छपरे टाळावी लागतात.

२०२० सालच्या साथीत स्थानके आणि कार्यालये यांच्या दारांत जे कॅमेरे बसले, त्यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. सामान्य उष्णता-कॅमेऱ्याची अचूकता अधिक-उणे दोन अंश असते. तापाची पाहणी करण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकास अर्ध्या अंशाची अचूकता लागते, आणि मोजमापही कपाळावर नव्हे, डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यात घ्यावे लागते. उन्हातून चालत आलेल्या माणसाच्या कपाळावरून हिरवा किंवा लाल चौकोन काढून त्यास आत सोडणे किंवा परतविणे, हा त्या काळातील भीतीचा एक विधी होता, असेच म्हणावे लागेल.

आपण पुन्हा वीजवाहिन्यांकडे येऊ. कारण तेथे चित्राचे पर्यवसान एका कागदात होते आणि त्या कागदावर लोक वीज बंद करण्याचे हुकूम देतात. मी पाहिलेल्या अहवालांच्या नमुन्यांत क्लॅम्पचे नाव, फेज, तापमान आणि शेरा एवढे रकाने बहुधा असतात. स्पॅन, उत्सर्जकता, परावर्तित तापमान, अंतर, वारा आणि त्या क्षणीचा भार यांचे रकाने कधी असतात, कधी नसतात, आणि असले तरी पुष्कळदा रिकामे असतात. भार नोंदलेला नसेल, तर बाकीचे सारे व्यर्थ. समजा, एका फीडरवर पूर्ण भाराच्या एक-तृतीयांशच भार असताना एका क्लॅम्पचा शेजाऱ्याशी फरक नऊ अंशांचा मिळाला. १५ च्या निकषाने तो निर्दोष ठरतो, आणि २० ते ६० च्या पट्टीवर थोडासाच उजळ दिसतो. परंतु उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून भार तिप्पट झाला की उत्पन्न होणारी उष्णता नऊपट. हवेने ती काही अंशी वाहून नेली असे धरले तरी तोच फरक पूर्ण भारावर पन्नास ते ऐंशी अंशांच्या घरात जातो. वाऱ्याचेही तसेच: सेकंदास चार-पाच मीटरचा वारा तापलेल्या सांध्याची तापमानवाढ निम्म्यावर आणू शकतो, आणि त्या रात्री चित्र घेणाऱ्याच्या कपाळास ती झुळूक सुखद वाटलेली असते.

दुरुस्तीनंतरची तपासणी हाही एक स्वतंत्र विषय आहे. सांधा उघडला, घासला, नवे बोल्ट घालून आवळला. आता पूर्वी-नंतरची दोन चित्रे जोडून अहवाल पुरा करावयाचा. दोन्ही ऑटोवर काढली तर दुसऱ्या चित्रातही काहीतरी लाल दिसणारच, आणि मग क्लॅम्प बरा झाला की नाही यावर दोन दप्तरांत पत्रव्यवहार चालतो; शिवाय नुकत्याच घासलेल्या धातूची उत्सर्जकता घटलेली असल्यामुळे तो आहे त्यापेक्षा थंड भासतो, म्हणजे दुरुस्ती वाईट झाली असली तरी चांगली दिसते. त्या यार्डातील अभियंत्याने यावर जी तजवीज केली होती ती कोणत्याही नियमावलीत मी वाचलेली नाही. त्याने वहीत प्रत्येक क्लॅम्पपुढे पट्टीचा माथा व पायथा लिहून ठेवला होता, चित्र खडीतल्या ज्या खुंटीजवळ उभे राहून घेतले तिचा क्रमांक होता, भार होता, वारा ‘नाही, थोडा, बरा’ अशा तीनच प्रतींत होता. आणि घासलेल्या सांध्यांपुढे ‘पंधरवड्याने पुन्हा, भार चढल्यावर, हाच स्पॅन’ असा शेरा होता. ती वही सरकारी नव्हती, त्याने बाजारातून स्वतः घेतलेली होती, आणि त्याची बदली झाली तर ती कोणाकडे जाईल हे त्यास ठरविता आले नव्हते. तरुण तंत्रज्ञ तोवर यार्डाच्या पुढच्या भागात गेला होता आणि तेथून ओरडून विचारीत होता, “साहेब, इथं वीस-साठच ठेवू का?” साहेब म्हणाले, “ठेव. आणि आभाळ चौकटीत घेऊ नकोस.”